वाळू झाडणार कोण?

आमच्या शाळेच्या विज्ञानखोलीत, खिडकीपासून जरा आत, भिंतीला लागून एक काचेची पेटी आहे. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, आत फूटभर समुद्राचे पाणी आणि तळाला तीन बोटे वाळू. समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर असताना त्यातले ५०-५५ लिटर पाणी उचलून काचेत कोंडण्याची ही हौस कशाला, असे गावातल्या पुष्कळांनी विचारले. भरती-ओहोटीच्या वेळा न सांभाळता मुलांना समुद्राचा तळ पाहता यावा, एवढेच माझे उत्तर होते.

पेटी लागली, दोन-तीन लहान मासे आले, आणि महिन्याभरात वाळूवर तपकिरी साय धरली. माशांची विष्ठा, न खाल्लेले कोळंबीचे तुकडे, शेवाळाचे पातळ थर. काल-परवापर्यंत जी वाळू डोळ्यांना सुखवीत होती ती आता भांड्याच्या बुडाला लागलेल्या खरपुडीसारखी दिसू लागली. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, घरात झाडायला आई असते. ही वाळू झाडणार कोण?”

मी हसलो, आणि उत्तर शोधायला किनाऱ्यावर गेलो. रापणीच्या जाळ्यात माशांबरोबर पुष्कळ नको असलेले जीवही ओढले जातात. त्यातच मला एक तारामासा मिळाला. ॲस्ट्रोपेक्टेन जातीचा, पाच निमुळत्या हातांचा, वाळूत स्वतःला पुरून घेऊन आतल्या आत फिरणारा. त्याला पेटीत सोडले. आठ दिवसांत वाळू अशी उजळली की मुले टाळ्या पिटू लागली. मी पालकांना बोलावून ती दाखवली. चौथ्या महिन्यात तारामाशाच्या हातांची टोके झडू लागली, आणि एका सोमवारी तो वाळूवर उताणा पडलेला आढळला.

मी ही हकीकत रापणीवरच्या एका म्हाताऱ्या काकांना सांगितली. जाळे उलगडता उलगडता ते एवढेच म्हणाले, “मास्तरांनु, तेका भरती व्हयी. तुमच्या पेटीत भरती खंय येतली?”

ह्या एका वाक्याचा पुरता अर्थ उमगायला मला दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले. घरात समुद्र ठेवण्याचा खटाटोप प्रथम ज्यांनी केला, त्या सर्वांनी भरतीऐवजी दुसऱ्या कोणाला तरी कामाला लावले होते. तोच हा इतिहास आहे.

स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी सर जॉन डॅलिएल नावाचे एक गृहस्थ राहत असत. १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावर त्यांना एक समुद्रफूल सापडले. फूल म्हणायचे, पण तो प्राणीच. खडकाला चिकटून पाकळ्यांसारखे हात पसरून बसणारा. डॅलिएल साहेबांनी ते एका काचेच्या बरणीत ठेवले आणि बरणीतले समुद्राचे पाणी पुन्हा पुन्हा बदलण्याचा नेम धरला. १८५१ साली साहेब वारले. समुद्रफूल जिवंतच होते. पुढे ते एका हातातून दुसऱ्या हाती जात राहिले. लोकांनी त्याचे नाव ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, असे ठेवले. ही आजी १८८७ साली वारली. भरती घागरीने आणून ओतली तर समुद्राचा जीव घरात माणसाच्या आयुष्याएवढा जगू शकतो, हे ह्या आजीने दाखवून दिले. पण घागर वाहणारा हात रोज हवा.

ज्यांना समुद्र दूर होता त्यांनी काय करावे? १८४६ साली लंडनच्या ॲना थिन ह्या बाई टॉर्की येथे समुद्रकिनारी गेल्या होत्या. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मोठे धर्माधिकारी होते. बाईंना तिथल्या खडकांत जिवंत प्रवाळ सापडले आणि त्यांनी ते लंडनला न्यायचे ठरवले. प्रवासात हिंदकळून इजा होऊ नये म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाचले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. लंडनमध्ये नवे समुद्रजल रोज कुठून आणणार? तेव्हा बाईंनी युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. लाट खडकावर आपटून फुटते तेव्हा हेच होते. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या, आणि प्रवाळ जगले.

मात्र ते ओतण्याचे काम बाई स्वतः करीत नव्हत्या. १८५९ साली छापलेल्या आपल्या हकीकतीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की, काम थकवणारे होते खरे, पण त्यांची एक लहानशी मोलकरीण ते करी, आणि तिला त्यात गंमतही वाटे. त्या मुलीचे म्हणणे कोणी लिहून ठेवलेले नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे; एखादे पात्र इतके कष्ट करते आणि त्याला नाव नसते, ही गोष्ट माझ्या हातून सहज वाचून पुढे टाकली जात नाही. जगातल्या पहिल्या काही समुद्री पेट्यांपैकी एका पेटीतली भरती म्हणजे त्या मुलीचे दोन दंड होते.

ह्यानंतर आले रॉबर्ट वॉरिंग्टन. हे लंडनच्या ॲपॉथेकरीज हॉलमधले रसायनज्ञ. १८४९ साली त्यांनी एका मोठ्या भांड्यात गोडे पाणी भरले, तळाला वाळू-चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. मासा श्वासावाटे जे सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती जो प्राणवायू देते तो माशाला मिळतो. तेव्हा दोघांचे एकमेकांवर निभावे, असा त्यांचा हिशेब. पण हिशेब चुकला. वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला.

तेव्हा वॉरिंग्टननी त्या भांड्यात डबक्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पाने खाल्ली, बुळबुळीत थर खाल्ला, पाणी निवळले. शिवाय त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. दोघांचा संसार चालत नव्हता तो तिसरीने सावरला. १८५० साली वॉरिंग्टननी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरातल्या जलजीवपेटीचा खरा जन्म इतिहासकार इथे धरतात. त्या जन्माला सुईण म्हणून हजर होती ती एक साधी गोगलगाय, हे मला विशेष वाटते.

गोड्या पाण्यातली ही रीत खाऱ्या पाण्यात आणणाऱ्यांमध्ये वॉरिंग्टन स्वतः होते आणि फिलिप हेन्री गॉस होते. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात काचेच्या पेट्यांचे मत्स्यगृह उघडले. १८५४ साली गॉस ह्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि लोक वेडे झाले. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. दिवाणखान्यात समुद्र असणे हे सभ्य घराचे लक्षण ठरले. गॉस ह्यांनी पेटीसाठी पेरिविंकल ही समुद्रगोगलगाय आवर्जून सुचवली. काचेवरून सरकताना तिची दातेरी जीभ शेवाळ कसे कापीत जाते, हे ते भिंग लावून बघत. विळ्याने गवत कापीत जाणाऱ्या माणसासारखीच ती एकामागून एक पट्टा साफ करते.

पण ह्या वेडाची किंमत समुद्राने मोजली. पुस्तके वाचून टोपल्या-बरण्या घेतलेले लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि खडकांतली डबकी त्यांनी धुऊन नेली. गॉस ह्यांचे चिरंजीव एडमंड गॉस ह्यांनी १९०७ साली ‘फादर अँड सन’ ह्या पुस्तकात ह्या नासाडीबद्दल खेद व्यक्त केला आहे. आणि नेलेले जीव तरी कुठे जगले? बहुतेक पेट्या काही आठवड्यांत नासल्या. गोगलगायी होत्या, वनस्पती होत्या, तरी पाणी मारक होत होते. का ते कोणालाच कळत नव्हते.

विल्यम आल्फर्ड लॉइड ह्या व्यावसायिकाने त्यावर एक तोड काढली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जे मत्स्यालय उभारले, त्यात दिसणाऱ्या पेट्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा जमिनीखाली अंधारात ठेवला होता, आणि पंपाने ते पाणी अखंड फिरवले जाई. म्हणजे मोलकरणीच्या दंडांच्या जागी यंत्र आले. पण ज्याच्या घरी यंत्रही नाही आणि तळघरही नाही, त्या लहान पेटीवाल्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर पुढे मिळाले ते शेतातून, आणि ते शोधणाऱ्यांत वॉरिंग्टनांचेच पुत्र होते! बापाने गोगलगायी सोडल्या तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांचा होता. नावही तेच, रॉबर्ट वॉरिंग्टन. मोठेपणी तो रॉथमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करू लागला. शेणखतातल्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते हे ठाऊक होते. ते काम जिवाणू करतात, हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ ह्यांनी दाखवले. धाकट्या वॉरिंग्टनांनी १८७८ ते १८९१ ह्या काळात पुढचा उलगडा केला, की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे आहेत. एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने त्याच सुमारास ते जीव वेगळे काढून दाखवले.

शेतातली ही गोष्ट पेटीलाही लागू आहे. मासा जे टाकतो त्यातला मारक भाग अमोनिया. तो डोळ्यांना दिसत नाही. गोगलगाय शेवाळ खाते, पण मग तीही विष्ठा टाकते. घाण नाहीशी होत नाही, केवळ एक पायरी खाली जाते. शेवटच्या पायरीवर बसलेले असतात वाळूच्या कणाकणाला चिकटलेले हे जिवाणू. बापाने डोळ्यांना दिसणारा झाडूवाला शोधला, मुलाने न दिसणारा. मधे तीस-चाळीस वर्षे गेली, आणि त्या काळात किती पेट्या नासल्या असतील त्याची गणती नाही.

मग वाळूत प्राणी हवेत कशाला? जिवाणूच पुरे नाहीत काय? इथे मला गांडुळाची आठवण होते. १८८१ साली डार्विनने गांडुळांवर आपले शेवटचे पुस्तक लिहिले, आणि जमीन नांगरणारा पहिला शेतकरी गांडूळच आहे हे जगाला पटवले. त्यापासून स्फूर्ती घेऊन चार्ल्स डेव्हिसन ह्या अभ्यासकाने इंग्लंडच्या होली आयलंडजवळच्या वाळवंटात समुद्रगांडुळांच्या विष्ठेचे ढीग मोजले आणि १८९१ साली आपला हिशेब छापला. ही गांडुळे वर्षाकाठी एकरी सुमारे १,९०० टन वाळू खालून वर आणतात, असा तो हिशेब. हे गणित मी वर्गात घातले. आमच्या पेटीच्या दोन चौरस फुटांना तो दर लावला तर वर्षाला सुमारे ९० किलो वाळू उलटायला हवी. मुलांनी आ वासला. वाळू अशी हलत राहते म्हणून तिच्यात पाणी खेळते, आणि पाणी खेळते म्हणून जिवाणूंना प्राणवायू मिळतो. हालचाल थांबली की वाळू आतून काळी पडते आणि सडक्या अंड्याचा वास मारते.

पण गणिताची दुसरी बाजू त्याच मुलीने काढली. “सर, एवढी वाळू उपसायची तर ते गांडूळ खाते काय?”

हाच तो प्रश्न! समुद्रगांडूळ वाळू खात नाही. वाळूला चिकटलेले अन्न खाते. ते अन्न रोज दोन वेळा भरती घेऊन येते. म्हाताऱ्या काकांच्या वाक्याचा अर्थ हा होता. वाळू झाडणारा प्राणी झाडण्यासाठी झाडत नाही, तो जेवत असतो. आपल्याला जी स्वच्छता दिसते ते त्याचे उष्टे ताट आहे. माझा तारामासा वाळूतले बारीक किडे, बारीक शिंपले, जे काही जिवंत होते ते सगळे गिळत होता. आठ दिवसांत वाळू उजळली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. वस्तुतः आम्ही दुष्काळाची सुरुवात पाहत होतो. दोन चौरस फुटांचे शेत त्याने चार महिन्यांत संपवले आणि मग तो उपाशी मेला. मागे राहिली ती निर्जीव वाळू. तिला हलवणारे लहान जीवही तो खाऊन गेला होता.

विसाव्या शतकात ह्या विद्येने दिशा बदलली ती ह्याच जाणिवेने. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग ह्यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात आपली रीत सांगितली. समुद्रातले जिवंत दगड आणि जिवंत वाळू, त्यातल्या लहानसहान जिवांसकट, पेटीत आणायची आणि थोडे हवेचे बुडबुडे सोडायचे. पुढे १९८० च्या दशकात नीस विद्यापीठाचे प्राध्यापक झां जोबेर ह्यांनी मोनॅकोच्या मत्स्यालयात जाड वाळूचा थर वापरला. त्यांच्या पेट्यांत वाळूच्या वरच्या भागातले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि खालच्या, प्राणवायू कमी असलेल्या भागातले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. ह्या व्यवस्थेत वाळू हलकेच हलवणारे जीव उपकारक, आणि खोलवर उकरणारे जीव घातक. नांगर हवा, पण सुरुंग नको.

इतके समजल्यावर आम्ही नव्याने निवड करायला बसलो. फळ्यावर उमेदवारांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हा काय खातो, आणि ते आमच्या पेटीत आहे काय?

तारामासा बाद झाला. त्याला मोठे शेत हवे. समुद्रकाकडी वाळू गिळून, तिच्यावरचे अन्न पचवून, स्वच्छ वाळू मागे टाकते. पण तीही लहान पेटीत उपाशी राहते, आणि मेली किंवा जखमी झाली तर तिच्या अंगातले विष साऱ्या पेटीला मारू शकते. शिवाय आपल्या देशात २००१ सालापासून तिला कायद्याचे संरक्षण आहे. तिला हात लावायचे कारणच नाही. गोबी जातीचे काही मासे तोंडाने वाळू उचलून कल्ल्यांतून गाळतात, दिसायला फार सुंदर. पण त्यांचेही पोट वाळूतल्या जिवांवरच. शंखात राहणारा खेकडा उष्टे-खरकटे चांगले खातो, मात्र नवा शंख हवा असला की गोगलगायीला मारून तिचे घर बळकावतो. मुलांनी त्याच्या नावावर जोरात काट मारली.

उरल्या दोन. पहिली नासारियस. ही लहान शंखगोगलगाय दिवसभर वाळूत पुरलेली असते, फक्त सोंडेसारखी नळी वर. कोळंबीचा तुकडा पाण्यात पडला की वास लागून चहूबाजूंनी वाळू फुटते आणि त्या वर येतात. शेवाळ ती खात नाही. उरलेले मांस खाते, आणि येताजाता वाळू मोकळी करते. दुसरी सेरिथ कुळातली, लांब निमुळत्या शंखाची. ही वाळूवरची साय खाते. पहिल्या चार आणल्या, दुसऱ्या सहा. त्याहून जास्त नकोत असे मुलांनीच ठरवले, कारण दोन चौरस फुटांत दहा तोंडे पुष्कळ झाली.

वाळू पूर्वीइतकी उजळ होत नाही. कोपऱ्यात थोडी साय असतेच. एका पालकांनी विचारलेसुद्धा, “मास्तर, मागच्या वेळी जास्त स्वच्छ होती, नाही?” मी म्हटले, “होय. आता ह्यांना खायला थोडे शिल्लक ठेवतो.” ह्या दहा जणींना आमच्याकडे आता दीड वर्ष झाले.

लहान मुंबईत असताना मी १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचे बोट धरून गेलो होतो. रंगीत मासे आठवतात. तळाची वाळू आठवत नाही. स्वच्छ वाळू कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि ती कोणामुळे स्वच्छ आहे हे तर नाहीच नाही. म्हणून आम्ही पेटीशेजारी एक कागद लावला आहे. आठवड्यातून एकदा समुद्रावरून बादलीभर ताजे पाणी आणून तेवढेच जुने काढायचे असते. भरती येत नाही, तेव्हा ती आपणच आणायची. कोणत्या आठवड्यात कोणी आणली, त्यांची पूर्ण नावे त्या कागदावर लिहिलेली असतात. पहिल्यांदा कागद लावला तेव्हा मुलांना मी लंडनच्या त्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली होती.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते. त्या तीन आठवड्यांसमोर माझे नाव आहे.